होळी ते मृग: गावच्या घरातून पक्षी कसे पाहायचे

पक्ष्यांची यादी लांबवायची असेल तर हिवाळा बरा. डिसेंबर-जानेवारीत भिगवणला उजनीच्या पाण्यावर किंवा लोणी काळभोरजवळ कवडीपाटाला एका सकाळी जितक्या जाती दिसतात, तितक्या वसंतात आठवडाभर हिंडूनही दिसायच्या नाहीत. होळीच्या सुमाराला बदकं, धोबी, थिरथिरे परतीच्या वाटेला लागतात आणि मागे राहतात ते बारमाही गावकरी: दयाळ, बुलबुल, तांबट, साळुंकी, टिटवी. वर्षभर डोळ्यांसमोर असलेल्या याच मंडळींचा संसार वसंतात उघड्यावर येतो. गाणी, हद्दीची भांडणं, घरासाठी जागा शोधणं, पिलांची तोंडं भरता भरता होणारी दमछाक, हे सगळं घरापासून पन्नास पावलांत चालतं. म्हणून या हंगामात फिरायचं कमी आणि बसायचं जास्त.

ज्यांचं घर पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या गावात आहे, किंवा जे सुट्टीला मुळशी, भोर, पुरंदर, शिरूरकडे जातात, त्यांच्यासाठी ही रीत लिहितो आहे. वसंत म्हणजे इथे फेब्रुवारीच्या मध्यापासून मे अखेरपर्यंतचा काळ धरला आहे.

घर घाटाकडे की माळाकडे?

पुणे जिल्हा पक्ष्यांच्या हिशेबाने दोन जिल्हे आहेत. मुळशी, मावळ, वेल्हे, भोरचा पश्चिम भाग इथे पाऊस धो धो, झाडी दाट. तिथे अंगणात कुटुर्गा, शिपाई बुलबुल, स्वर्गीय नर्तक, हळद्या, ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर अशी मंडळी येतात. पूर्वेला दौंड, बारामती, इंदापूर, शिरूरकडे पाऊस वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास. तिथे बाभूळ, कडुनिंब, उघडा माळ आणि मधे कालव्याच्या पाण्यावरचा ऊस. अशा घराभोवती चंडोल, माळटिटवी, तितर, नीलपंख, भांगपाडी मैना यांचं राज्य असतं. पुरंदर आणि हवेली या दोन्हींच्या सांध्यावर आहेत, म्हणून तिथल्या माणसाला दोन्हींकडचं थोडं थोडं मिळतं.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे पक्ष्यांच्या पुस्तकातली सगळी चित्रं आपल्या अंगणाला लागू नसतात. मुळशीतल्या माणसाने माळावरचा धाविक शोधू नये आणि बारामतीकडच्या सुपे गावातल्या माणसाने शीळकरी कस्तुराची वाट पाहू नये. आपल्या घराला शक्य असलेल्या पंचवीस-तीस जाती आधी पक्क्या कराव्यात. वसंतभर पुरतात.

बसायची जागा एकच ठेवा

ओटा, पडवी, गच्ची, परसदार, गोठ्याचा कोपरा, काहीही चालेल. अट एवढीच की तिथून एखादं मोठं झाड, थोडी उघडी जमीन आणि थोडं झुडूप असं तिन्ही दिसलं पाहिजे. उन्हाकडे पाठ करून बसता आलं पाहिजे. सकाळी सूर्यासमोर बसलात तर प्रत्येक पक्षी काळाच दिसतो आणि मग कोतवाल कोणता, कोकीळ कोणता यावर घरात वाद होतात.

लोक सहसा बागेच्या सर्वांत सुंदर कोपऱ्यात खुर्ची टाकतात. माझं मत वेगळं आहे. गावच्या घरात पक्ष्यांची वर्दळ असते ती ओंगळ जागी: उकिरडा, गोठ्यामागची ओल, कडब्याच्या गंजीचा पायथा, विहिरीची कड, न्हाणीच्या पाण्याचा आळा. उकिरड्यावर किडे असतात म्हणून चिरक, दयाळ, साळुंकी, हुदहुद तिथे हमखास येतात. जुन्या दगडी विहिरीच्या भिंतीत पारवे आणि साळुंक्या राहतात, कधी काठाच्या मातीत खंड्या बीळ करतो. खुर्ची तिकडे तोंड करून ठेवा.

एकदा जागा ठरली की बदलू नका. त्याच माणसाला त्याच जागी रोज पाहून पक्षी सरावतात. दुसरं म्हणजे, रोज तीच चौकट डोळ्यांसमोर असली की तिच्यात झालेला बदल लगेच लक्षात येतो. काल रिकाम्या असलेल्या फांदीवर आज कोणी काडी घेऊन आलं, तर ते फक्त रोज पाहणाऱ्यालाच कळतं.

वेळ

पुण्यात मार्चच्या मध्याला सूर्य पावणेसातच्या आत-बाहेर उगवतो आणि मेच्या सुरुवातीला सहाच्या सुमाराला. दयाळ मात्र तांबडं फुटायच्या आधीच सुरू करतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून पुढचा दीड-दोन तास हा सगळ्यांत भरगच्च काळ. नऊनंतर उन्हं चढली की गाणं थांबतं आणि पक्षी सावलीला सरकतात.

दुसरी खेप संध्याकाळी पाचनंतर. ही वेळ पाण्यावर येणाऱ्यांची. मग दिवेलागणीला पिंगळे जुन्या झाडाच्या ढोलीतून बाहेर येऊन किचकिचाट करतात. अंधार पडला की माळाच्या बाजूला रातवा बोलायला लागतो, "चक चक चक चकर्र", जणू टणक जमिनीवर फेकलेला चेंडू उसळत उसळत थांबतोय. हा रात्री कच्च्या रस्त्यावर बसतो आणि मोटारसायकलच्या उजेडात त्याचे डोळे लाल चमकतात. माळाकडच्या गावात सावकाश गाडी चालवायला एवढं एक कारण पुरे.

भर दुपारी झोपावं. अपवाद एकच: पाण्याचं भांडं. त्याबद्दल पुढे येईल.

आधी कान, मग डोळे

नवा माणूस दुर्बीण घेऊन पानांत शोधत बसतो. पानं दाट, पक्षी चिमुकला, हाती काहीच लागत नाही. वसंतात उलटं करावं. डोळे मिटून दहा मिनिटं ऐकावं आणि आवाज किती, कुठून येतात एवढंच मोजावं. नावाची घाई नको. मग त्यातला एक आवाज धरून त्याच्या मालकाचा शोध घ्यावा.

सुरुवातीला हे काही आवाज पुरेत.

तांबट: "टुक, टुक, टुक", एका लयीत, मिनिटाला शंभरापर्यंत. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळ लाल, उंच शेंड्यावर बसलेला. ओरडताना चोच बंद असते आणि मान इकडेतिकडे वळते, त्यामुळे आवाज कुठून येतोय हे कळतच नाही. निष्पर्ण फांद्यांची टोकं पाहात जा, सापडतो.

कुटुर्गा: "कुटूर्र, कुटूर्र". तांबटाचा थोरला भाऊ, साळुंकीपेक्षा मोठा. वडा-उंबराच्या आसपास.

कोकीळ: याला ओळख नको. गाणारा नर काळा, डोळा लालभडक. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि ती "किक-किक-किक" असं चिरकं ओरडते. पहाटे साडेतीनला खिडकीशी सुरू झालेला कोकीळ कवींना कसा गोड वाटला, हा माझा जुना प्रश्न आहे.

पावशा: "पेरते व्हा, पेरते व्हा", प्रत्येक खेपेला पट्टी वर चढत जाणारी. मार्च-एप्रिलपासून ऐकू येतो, मेमध्ये तर चांदण्या रात्रीही थांबत नाही.

भारद्वाज: खोल घुमणारा "हूप हूप हूप", बांधावरच्या झुडपातून.

सुभग: लांब शीळ आणि शेवटी एकदम खाली येणारा सूर. पिवळा-काळा नर शेवग्याच्या किंवा बाभळीच्या पानांत असतो. दिसायला वेळ लागतो, ऐकायला मुळीच नाही.

दयाळचं गाणं मुद्दाम शब्दांत देत नाही, कारण ते रोज वेगळं असतं. काळा-पांढरा नर विजेच्या तारेवर किंवा घराच्या आढ्यावर बसून शेपूट उंचावून गातो. हिवाळाभर हाच पक्षी अंगणात गप्प असतो, नुसता "चर्र" करतो. मार्चमध्ये त्याला कंठ फुटला की वसंत आला असं खुशाल लिहून ठेवावं.

आवाज ओळखायला मोबाइलवर मर्लिन नावाचं मोफत ॲप आहे. ते मदत करतं, पण त्याने सुचवलेलं नाव म्हणजे निकाल नव्हे. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत ते नाव वहीत घेऊ नका. आणि एक पथ्य: पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं की हद्दीत दुसरा घुसला. तो गाणं, खाणं, घरटं सोडून तुमच्या फोनशी भांडत बसतो.

दुर्बीण

दुर्बिणीवर 8×42 असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. घरासाठी 8×40 किंवा 8×42 सर्वांत चांगली. दहा पटीची घेतली तर हाताची थरथरही तेवढीच मोठी होते आणि समोरचा टापू अरुंद दिसतो. त्यात झुडपातला शिंपी सापडेपर्यंत तो उडून जातो. घेताना जवळात जवळ किती अंतरावरचं स्पष्ट दिसतं ते दुकानातच तपासा. अंगणासाठी दोन-तीन मीटरवरचं स्पष्ट दिसायला हवं.

बहुतेक दुर्बिणींच्या उजव्या डोळ्याच्या नळीवर एक वेगळी फिरकी असते. उजवं भिंग हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासमोरचं चित्र स्पष्ट करा. मग डावं झाकून ती फिरकी फिरवून उजव्याचं करा. हे एकदाच करायचं, पुढे फक्त मधलं चाक. अनेकांची दुर्बीण वर्षानुवर्षं अंधुक असते ती एवढं न केल्यामुळे.

पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवू नका. तशीच रोखून दुर्बीण डोळ्यांकडे आणा. खाली पाहून दुर्बीण उचलली की जागा हरवते. दुर्बीण नसेल तरी थांबू नका, अंगणातले निम्मे पक्षी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. कॅमेऱ्याचं मात्र मी पहिल्या वर्षी नाव काढू देणार नाही. फोटो काढणारा पक्षी काय करतोय ते पाहात नाही.

झाडांचं वेळापत्रक

वसंतातल्या पक्ष्यांचा पत्ता झाडांवर लिहिलेला असतो. घराभोवती पाचशे पावलांत कोणती झाडं आहेत त्याचा कच्चा नकाशा काढा आणि कोणतं कधी फुलतं, कधी फळतं ते त्यावर लिहा.

सुरुवात काटेसावरीने होते. जानेवारीअखेर ते मार्च तिची लाल, मांसल फुलं. त्यामागोमाग पळस आणि पांगारा. ही तिन्ही झाडं फुलतात तेव्हा पानं नसतात, म्हणून पाहणाऱ्याची चंगळ. फुललेल्या सावरीखाली सकाळी एक तास बसलात तर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, पोपट, टकाचोर, चष्मेवाले, शिंजीर सगळे एका झाडावर दिसतात. कोतवाल एरवी किडे खाणारा, पण इथे तोही मध प्यायला येतो. परागकणांनी माखलेलं कपाळ घेऊन हे सगळे एका झाडावरून दुसऱ्यावर जातात आणि झाडाचं काम होतं.

याच झाडांवर भोरड्यांचे थवे पाहून घ्या. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. ही मैना हिवाळ्यात येते आणि पिलं काढायला मध्य आशियाकडे जाते. एप्रिल सरता सरता थवे विरळ होतात. जाण्याआधी त्यांचा गुलाबी रंग जास्तीत जास्त खुललेला असतो, तेव्हा मार्च सोडू नका.

मार्च-एप्रिलमध्ये वड, पिंपळ, उंबर यांपैकी कोणतं झाड फळलंय ते शोधा. प्रत्येक झाडाचं वेळापत्रक निराळं असतं, शेजारचे दोन वडसुद्धा एकदम फळत नाहीत. फळलेल्या झाडावर हरियाल उतरतात. महाराष्ट्राचा राज्यपक्षी तो हाच. पिवळे पाय, पोपटी-राखी अंग, आणि पानांत असा मिसळतो की वीस पक्षी असले तरी तीनच दिसतात. झाडाखाली उभं राहून वर पाहू नका. थोडं लांबून, समोरच्या उंचवट्यावरून पाहा. राखी धनेशही याच झाडांवर येतो.

कडुनिंबाच्या मोहरावर किडे येतात आणि किड्यांवर शिंपी, चष्मेवाले, सुभग. आंब्यावरचं बांडगूळ काढून टाकायची आपल्याकडे घाई असते, पण फुलटोच्याची सगळी उपजीविका त्याच्या फळांवर. अंगठ्याएवढा, मातकट, "चिक चिक" करत सतत हलणारा पक्षी आंब्यात दिसला तर वर बांडगूळ असणार. एखाद्या फांदीवर राहू द्यावं, झाड मरत नाही.

आणि शेत. मार्चमध्ये गहू-हरभऱ्याची मळणी झाली की खळ्यावर होले आणि चिमण्या. एप्रिल-मेमध्ये नांगरट निघाली की ट्रॅक्टरमागे गायबगळे, साळुंक्या आणि कोतवाल यांची रांग लागते. बांधावर बसून पाहायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

नाव शोधण्याआधी चार प्रश्न

अनोळखी पक्षी दिसला की पहिल्यांदा त्याची ओळखीच्या पक्ष्याशी तुलना करा. चिमणी (सुमारे 15 सेंटिमीटर), बुलबुल (20), साळुंकी (सुमारे 24), कावळा (40), घार (60). यांतल्या कोणाएवढा? मग शेपूट केवढी आणि ती काय करते. मग चोच: बारीक, जाड, बाकदार, आकडी? शेवटी तो काय करतोय आणि कुठे. रंग मुद्दाम यादीत घेतला नाही. कोवळ्या उन्हात आणि सावलीत तो बदलतो.

वसंतात रंगाचा आणखी एक घोटाळा होतो, तो म्हणजे कपडे बदललेल्या नरांचा. जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा हंगाम सोडून मादीसारखा पिवळट असतो, गळ्यापासून पोटावर एक काळी रेघ तेवढी. जानेवारी-फेब्रुवारीपासून तो ठिपक्याठिपक्यांनी काळवंडतो आणि पुढे अख्खा गर्द निळा-जांभळा चमकतो. मधल्या दिवसांतला अर्धवट रंगलेला नर पाहून नवशिक्यांना नवी जात सापडल्याचा आनंद होतो. पिवळ्या पोटाचा आणि छातीवर गडद पट्टा असलेला दुसरा शिंजीर मात्र बारा महिने तसाच राहतो.

माळाकडची रानचिमणी अशीच. नराच्या गळ्यावर पिवळा ठिपका, आणि विणीच्या दिवसांत त्याची चोच काळी होते. याच पिवळ्या ठिपक्याने 1908 साली मुंबईत लहानग्या सालीम अलींना कोड्यात टाकलं होतं. छर्‍याच्या बंदुकीने मारलेली ती चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे गेले आणि तिथून त्यांचा पक्ष्यांचा नाद सुरू झाला.

तिसरा घोटाळा शिक्रा आणि पावशाचा. पाठीचा राखाडी रंग, शेपटीवरचे आडवे पट्टे, उडण्याची ढब, सगळं सारखं. लहान पक्षीसुद्धा फसतात आणि पावशा आला की ओरडा करतात. चोच पाहा. शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली, पावशाची सरळसर. पायही पाहा: शिक्र्याचे लांब आणि नख्यांचे, पावशाचे आखूड.

घरटी: सापडतात ती वागण्यावरून

झुडपं चाळून घरटी शोधू नका. पक्ष्यावर नजर ठेवा, तोच दाखवतो. चोचीत काडी, कापूस, कोळिष्टक असेल तर घरटं बांधणं चालू आहे. चोचीत अळी धरून न गिळता बसला असेल तर पिलं आहेत, आणि तो तुम्ही जाण्याची वाट पाहतोय. अशा वेळी दोन पावलं मागे सरा. पांढरी, पिशवीसारखी विष्ठा चोचीत धरून उडाला तर तो घरट्यातूनच निघालाय.

गावच्या घरात घरट्यांच्या जागा बऱ्याचशा ठरलेल्या असतात. वळचणीला आणि कौलाखाली चिमण्या. भिंतीतल्या भोकात, उघड्या पाइपात दयाळ किंवा साळुंकी. जास्वंद, मेंदी, कुंडीतल्या वेलात बुलबुल, फारतर छातीइतक्या उंचीवर. रुंद पानांच्या झाडाला शिंपी, एक-दोन पानं कोळिष्टकाने आणि धाग्याने टाचून केलेल्या द्रोणात. पडवीतल्या दोरीला किंवा वायरला लोंबणारी, कचरा अडकल्यासारखी दिसणारी पिशवी म्हणजे शिंजिराचं घरटं. ते मादी एकटी विणते आणि दाराला वरून छोटं छज्जं काढते. झाडलोट करताना जळमट समजून ते काढलं जातं, तेव्हा घरातल्या सगळ्यांना आधीच दाखवून ठेवा.

तांबट मऊ लाकडात भोक पाडतो, म्हणून शेवगा आणि पांगाऱ्याच्या वाळक्या फांद्यांच्या खालच्या बाजूला गोल, कंपासने काढल्यासारखं दार दिसतं. वाळली म्हणून फांदी तोडू नका. पोपट आणि पिंगळे तर जुन्या ढोल्यांसाठी भांडतात. ओढ्याच्या किंवा शेततळ्याच्या उभ्या मातीत, कधी रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत वेडा राघू हातभराहून लांब बीळ करतो. मार्चनंतर अशा ठिकाणची माती उचलायची असेल तर आधी भोकं आहेत का पाहा.

धनेशाचं घरटं मिळालं तर पाहणाऱ्याचं नशीब. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेने दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच उभी फट ठेवते. आत ती अंडी उबवते, तिची पिसंही तिथेच झडतात, आणि कित्येक आठवडे नर बाहेरून उंबरं, किडे आणून भरवत राहतो. या काळात नर मेला तर आतल्यांची उपासमार होते, म्हणून झाडाखाली गर्दी जमवणं हा गुन्हाच समजावा. लांबून, एखाद्या आडोशाला बसून पाहा. नर फळ घेऊन येतो आणि तुम्हाला पाहून परत जातो असं झालं, तर तुम्ही फार जवळ आहात.

जमिनीवरच्या घरट्यांना सर्वांत जास्त धोका. टिटवी मार्चपासून उघड्या माळावर, ढेकळांत, खडीत साधारण चार अंडी घालते. ती अंडी आणि खडे यांत फरक कळत नाही. भर उन्हात नर-मादी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंड्यांवर बसतात. टिटवी उंचावर अंडी घालते की खळग्यात, यावरून पावसाचा अंदाज बांधायची आपल्याकडे पद्धत आहे. अंदाज बांधा, पण अंतर ठेवून. डोक्यावर घिरट्या घालून ती ओरडायला लागली की पुढचं पाऊल टाकण्याआधी खाली पाहा. मावळ-मुळशीत मार्च-एप्रिलला राब (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पसरलेला पालापाचोळा) भाजतात आणि डोंगरांवर वणवे लागतात. राब भाजण्याआधी शिवारातून एक फेरी मारली तर टिटवीची, तितराची घरटी वाचू शकतात.

कोकिळेची अंडी कावळ्याच्या घरट्यात. कावळे एप्रिलपासून घरटी बांधतात, तेव्हा एखादं घरटं नजरेत धरून ठेवा. कोकीळ नर मुद्दाम समोर येतो, कावळे त्याच्या मागे लागतात आणि मादी हळूच आत शिरते. कोकिळेचं पिलू 12 ते 14 दिवसांत बाहेर येतं, कावळ्याच्या अंड्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे ते आधी येतं आणि आधी खातं. जूनमध्ये कावळा एखाद्या ठिपकेदार पिलाला भरवताना दिसला तर नवल वाटायला नको. पावशाही सातभाईंच्या घरट्यात हेच करतो.

घरट्यातून खाली पडलेलं, पिसं फुटलेलं पिलू उचलून घरात आणू नका. बहुधा ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्र्यापासून दूर, जवळच्या झुडपात ठेवा आणि बाजूला व्हा. अंडी, पिलं, घरटं हलवणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. पोपटाचं पिलू पाळायला आणणंही.

पाणी

एप्रिल-मेमध्ये पक्षी घराजवळ आणायचा खात्रीचा उपाय म्हणजे पाणी. दाण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त, कारण शिंजीर, दयाळ, सुभग दाणे खातच नाहीत. तहान सगळ्यांनाच.

मातीचं पसरट परळ घ्या. खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको, आत एक-दोन खडबडीत दगड ठेवा म्हणजे लहान पक्ष्यांना पाय टेकता येतील. घोट्याएवढं पाणी असलेल्या गुळगुळीत स्टीलच्या घमेल्यात चिमणी उतरत नाही. सावली हवी, पण भांड्यालगत दाट झुडूप नको, मांजर तिथेच दबा धरतं. चार-पाच हातांवर एखादी फांदी असावी, आधी तिच्यावर बसून पक्षी अंदाज घेतात. एक परळ जमिनीवर आणि एक छातीच्या उंचीवर ठेवलंत तर होले, सातभाई खाली आणि बुलबुल, शिंजीर वर अशी वाटणी होते.

पाणी रोज बदला, दोन दिवसांनी काथ्याने घासा. साबण नको. नुसतं वरून भरत राहिलात तर डास होतात आणि पक्ष्यांचे रोगही पसरतात. पहिले काही दिवस कोणी फिरकत नाही. मग एक बुलबुल येतो आणि त्याला पाहून बाकीचे.

दुपारी बारा ते तीन या वेळात खिडकीआडून भांड्याकडे पाहा. सातभाई टोळीने आंघोळ करतात, एक जण वर पहाऱ्याला. शिक्रा येऊन चक्क पाण्यात बसतो, आणि तेव्हा अर्धा तास दुसरं कोणी येत नाही. घाटाच्या बाजूला स्वर्गीय नर्तक उडता उडता पाण्यात सूर मारून निघून जातो. त्याची ती लांब पांढरी शेपूट पाहिली की दुपारची झोप मोडल्याचं वाईट वाटत नाही.

दाणे ठेवायचेच तर बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी थोडी थोडी. फरसाण, खारट-तळकट आणि आंबलेला भात नको. चिमण्यांसाठी लाकडी घर लावायचं असेल तर भोक सव्वा ते दीड इंचाचं, वळचणीखाली, दुपारचं ऊन लागणार नाही अशा भिंतीला. भोक मोठं झालं की साळुंकी येऊन मालकी सांगते. फेब्रुवारीतच लावा, मेमध्ये लावून उपयोग कमी.

वही

तारीख, वेळ, जागा, पक्षी, तो काय करत होता. एवढे पाच रकाने पुरेत, आणि शेवटचा रकाना सगळ्यांत मोठा आखा. "बुलबुल 2" ही नोंद पुढच्या वर्षी वाचताना काहीच सांगत नाही. "बुलबुलाने जास्वंदीत काडी नेली, दुसरा तारेवर ओरडत होता" ही सांगते. त्याच पानावर झाडांचंही लिहा: सावर फुलली, पिंपळाला पालवी आली, आंब्याचा मोहर गळाला.

पहिल्या घटनांना वेगळं पान द्या. दयाळचं पहिलं गाणं, पावशाची पहिली हाक, नीलपंखाच्या नराची आकाशातली पहिली कोलांटी, शेवटचा धोबी, शेवटच्या भोरड्या. माळाकडे राहत असाल तर डोंबारी चंडोलही यात घ्या. काळ्या पोटाचा हा चिमुकला नर आकाशात चढतो, पंख मिटून शीळ घालत खाली कोसळतो आणि जमिनीलगत पोचता पोचता पुन्हा वर जातो. दोन-तीन वसंतांची पानं शेजारी ठेवली की आपल्या गावाचं पंचांग तयार होतं, आणि ते छापील पुस्तकात कुठे मिळणार नाही.

नोंदी इतरांच्या उपयोगी पडाव्यात असं वाटलं तर ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, ते मोफत आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात. भारतात हे 2013 पासून चालू आहे आणि पंधरा मिनिटांची एक नोंदही चालते. वहीची सुरुवात करायला तो मुहूर्त चांगला. फक्त घुबडाच्या किंवा धनेशाच्या घरट्याची नेमकी जागा कुठेही जाहीर करू नका, अगदी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही. दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेरेवाले उभे असतात.

मे संपताना पान उलटायची वेळ येते. घाटाकडच्या झाडीत नवरंग येतो आणि पहाटे-संध्याकाळी दुहेरी शीळ घालतो. मृगाच्या आसपास काळा-पांढरा, तुऱ्याचा चातक दिसतो. सुगरणीचे नर डोक्यावर पिवळे व्हायला लागतात, पण त्यांची घरटी पावसातली, ती या वहीत नकोत. चिमण्यांच्या लाकडी घरात पिलं नसल्याची खात्री करून ते उघडा, जुनं गवत काढा, ऊन दाखवा आणि पुन्हा लावा. पावसाळ्यातही त्यात दुसरी वीण होऊ शकते.